बांधकामावरच्या माणसांचे कान: कोकणातील ठेकेदार आणि सुरक्षा अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील बांधकाम ठेकेदार व विकासक,
साइटवरील अभियंते व सुरक्षा अधिकारी,
आणि बांधकाम कामगारांच्या सुरक्षेची व आरोग्याची जबाबदारी असलेले शासकीय अधिकारी

विषय: बांधकामावरील आवाजामुळे कामगारांना येणारा कायमचा बहिरेपणा रोखण्याबाबत

महोदय, महोदया,

४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनानिमित्त आमच्या भागातल्या एका पुलाच्या कामावर कार्यक्रम झाला आणि मला तिथे पाहुणी म्हणून बोलावले होते. हेल्मेट कसे घालावे, पट्टा कुठे अडकवावा, विजेच्या तारांपासून किती लांब राहावे हे सारे कामगारांना नीट समजावून सांगितले गेले, शपथही घेतली गेली. शेवटी मी एवढेच सुचवले की, कातळ फोडण्याच्या ब्रेकर आणि कंप्रेसर यंत्रांवर काम करणाऱ्यांच्या कानांची तपासणी येत्या आरोग्य शिबिरात व्हावी. त्यासाठी लागणारे यंत्र घेऊन मी स्वतः येईन. त्यावर व्यासपीठावरील एका जबाबदार व्यक्तीने सांगितले की शिबिराच्या यादीत रक्तदाब, साखर आणि डोळे आहेत, कान नाहीत, आणि कानामुळे कुणाचा जीव जात नाही. हे उत्तर उद्धटपणे दिलेले नव्हते. समोर बसलेल्या अभियंत्यांनी माना डोलावल्या आणि कार्यक्रम पुढे गेला. एका माणसाचे ते मत असते तर मी तिथल्या तिथे बोलून विषय संपवला असता. पण बांधकामाच्या क्षेत्रात हा समज सर्वत्र रुजलेला आहे हे मला माझ्या कामातून माहीत आहे, आणि म्हणून हे पत्र मी आपणा सर्वांना, सर्वांसमोर लिहीत आहे.

मी रत्नागिरी जिल्ह्यात श्रवणतज्ज्ञ म्हणून काम करते. माझ्याकडे कान तपासायला पूर्वी वयस्कर माणसे आणि लहान मुले अधिक येत. आता त्यांच्या जोडीला तिशी-चाळिशीतले पुरुष येतात, आणि त्यांच्यातले बरेचजण रस्त्याच्या, पुलाच्या, इमारतीच्या किंवा चिरेखाणीच्या (जांभा दगडाच्या खाणीच्या) कामावरचे असतात. राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या, म्हणजे मुंबई-गोवा महामार्गाच्या, चौपदरीकरणाला सुरुवात होऊन दशकाहून अधिक काळ लोटला आहे; त्याच्या आजूबाजूला खाड्यांवरचे पूल, डोंगर कापून केलेले रस्ते, हॉटेले आणि बंगल्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. या सगळ्याखाली कातळ आहे, आणि कातळ फोडल्याशिवाय कोकणात काहीही बांधता येत नाही. फोडणाऱ्याच्या कानांचे काय होते याची नोंद मात्र कुठल्याही कामाच्या कागदपत्रांत मला आजवर दिसलेली नाही.

या विषयाशी माझे नाते केवळ व्यवसायाचे नाही. माझे वडील ट्रॅक्टरच्या कंप्रेसरवर विहिरी फोडण्याचे काम करीत. कातळात भोके पाडायची, सुरुंग भरायचा, दगड उपसायचा आणि पुन्हा भोके पाडायची, असे ते काम असे. अरुंद विहिरीच्या तळाशी चारही बाजूंना दगड असताना भोके पाडणाऱ्या जॅकहॅमरच्या आवाजाला बाहेर पडायला वाटच नसते. तो भिंतींवर आपटून पुन्हा माणसाच्याच कानांत येतो. वडील डोक्याला फडके बांधीत, कधी कानात कापसाचे बोळे घालीत. यापलीकडे काही असते हे त्यांना कोणी सांगितले नाही. पन्नाशीच्या आतच त्यांचे ऐकणे उतरले. गावच्या भजनात ते टाळ घेऊन बसत आणि बुवांच्या मागून म्हणत. हळूहळू बुवांनी घेतलेला चरण त्यांना कळेनासा झाला, तेव्हा ते शेजारच्याच्या ओठांकडे पाहून शब्द उचलू लागले, मग नुसतेच टाळ वाजवू लागले आणि एका गणपतीपासून त्यांनी जाणे सोडले. घरच्यांना वाटले की त्यांची आवड गेली. मी हे शिक्षण घेण्यामागे हे एक मोठे कारण होते.

आता मी रोज काय पाहते ते सांगते, कारण कानांची हानी नेमकी कशी होते हे समजल्याशिवाय माझ्या मागण्यांचा अर्थ लागणार नाही. आपल्या अंतर्कर्णात प्रत्येक बाजूला साधारण पंधरा-सोळा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. ध्वनीच्या लहरींचे मेंदूला कळणाऱ्या संदेशात रूपांतर त्या करतात. मोठ्या आवाजाने त्या आधी थकतात. कामावरून घरी आल्यावर कान भरल्यासारखे वाटतात, टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो, आणि सकाळपर्यंत बरे वाटते. हेच दिवसामागून दिवस होत राहिले की पेशी मरतात, आणि माणसाच्या कानात मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. त्यासाठी औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. दुखतही नाही, रक्तही येत नाही, म्हणून कामगार तक्रार करीत नाही आणि मुकादमालाही काही दिसत नाही.

हानी सुरू होते ती बहुधा ४००० हर्ट्झच्या, म्हणजे वरच्या पट्टीतल्या आवाजांच्या, आसपास. काही काळापूर्वी माझ्यासमोर बसलेल्या, तिशीतल्या एका ब्रेकर चालवणाऱ्या माणसाचा आलेख असाच होता: २००० हर्ट्झपर्यंत रेघ जवळजवळ सरळ, आणि ४००० ला एकदम ६० डेसिबलपर्यंत कोसळलेली, म्हणजे त्या पट्टीतला आवाज तेवढा मोठा केला तरच त्याला ऐकू येतो. तो बहिरेपणाची तक्रार घेऊन आलाच नव्हता. रात्री कानात रातकिडे ओरडतात, झोप लागत नाही, एवढे त्याचे म्हणणे होते. आणि बायको म्हणते की मी मुद्दाम उत्तर देत नाही, हे त्याने जाताजाता सांगितले. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात, ते त्याला ऐकू येतात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने वरच्या पट्टीत असतात, ती निसटतात. त्यामुळे समोरचा बोलतो आहे हे कळते, पण काय बोलतो ते कळत नाही, आणि चारचौघांत, पंख्याखाली किंवा पावसाच्या आवाजात तर अजिबातच कळत नाही. श्रवणयंत्र आवाज मोठा करते, गेलेली स्पष्टता परत देऊ शकत नाही. शिवाय आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत आणि घामात ती यंत्रे पावसाळ्यात वारंवार बंद पडतात, आणि त्यांची दुरुस्ती रोजंदारीच्या माणसाच्या आवाक्यात नसते.

कानामुळे जीव जात नाही हे विधानही खरे नाही. पोकलेन, मिक्सर आणि जनरेटर एकत्र चालू असताना मागे येणाऱ्या डंपरचा भोंगा ज्याला ऐकू येत नाही, वरून दिलेली हाक ज्याला कळत नाही, सुरुंगाआधीची शिट्टी ज्याच्यापर्यंत पोहोचत नाही, तो माणूस इतरांपेक्षा अधिक धोक्यात असतो. असा अपघात झाल्यावर नोंदवहीत ‘कामगाराचे दुर्लक्ष’ असे लिहिले जाते.

माझ्या तक्रारी आता क्रमाने मांडते.

कामावर आवाज मोजला जात नाही, ही पहिली. मोजण्याचे बंधन मी नव्याने सुचवीत नाही. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्याखाली (नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा २०२० च्या संहितेने घेतली आहे) १९९८ साली जे केंद्रीय नियम झाले, त्यांतील नियम ३४ सांगत आला आहे की मालकाने कामगारांना अतिरिक्त आवाज व कंपनापासून संरक्षण दिले पाहिजे आणि आवाज सहाव्या अनुसूचीतील मर्यादेबाहेर जाता कामा नये. त्या अनुसूचीनुसार ९० डेसिबलच्या आवाजात आठ तास, ९५ मध्ये चार तास, १०० मध्ये दोन तास, १०५ मध्ये एक तास आणि ११० मध्ये अर्धा तास थांबता येते. ११५ च्या वर कोणीही, क्षणभरही असता कामा नये. हातातला ब्रेकर चालवणाऱ्याच्या कानाशी आवाज सहज १०० च्या पुढे जातो, आणि कातळ फोडणारा जॅकहॅमर ११० ओलांडतो. म्हणजे कानांना संरक्षण नसेल तर आपल्याच नियमाप्रमाणे जॅकहॅमर धरलेला माणूस सकाळच्या चहाच्या आधीच थांबला पाहिजे. प्रत्यक्षात तो दिवसभर तेच करतो, आणि मे महिन्यात, पावसाच्या आत काम उरकायचे म्हणून, दहा-बारा तास करतो. बारा तासांसाठी त्या तक्त्यात रकानाच नाही.

ही मर्यादाही पुरेशी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. डेसिबलचे माप साध्या बेरजेने चालत नाही. ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. याच हिशेबाने अमेरिकेची राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्था आठ तासांसाठी ८५ डेसिबलची शिफारस करते, आणि १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे देते. आपला तक्ता तिथे दोन तास देतो. नियम बदलणे आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात नाही हे मला मान्य आहे, पण नियमापेक्षा चांगले वागायला कोणाचीही परवानगी लागत नाही. आणि ज्याला महागडे उपकरण परवडत नाही त्याच्यासाठी एक साधी खूण आहे: हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल, तर तिथला आवाज ८५ च्या वर गेलेला आहे असे धरून चालावे.

कानात घालायचे इअर प्लग वाटले की जबाबदारी संपली असे मानले जाते, ही दुसरी तक्रार, आणि ती मला सर्वांत जास्त बोचते. कल्याणकारी योजनेतून मिळालेल्या सुरक्षा साहित्याच्या पेट्या मी कामगारांच्या खोल्यांत पाहिल्या आहेत. हेल्मेट आणि बूट वापरात असतात. इअर प्लगची पुडी न फोडता तशीच पडलेली असते, किंवा लहान मुलांनी खेळायला घेतलेली असते. ती कशी वापरायची हे कोणी दाखवलेलेच नसते. फोमचा प्लग नुसता कानाच्या तोंडाशी टेकवला तर त्याचा उपयोग नाममात्र होतो. तो बोटांनी वळून बारीक करावा लागतो, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढावा लागतो, प्लग आत सरकवून तो फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवावा लागतो. नीट बसला की स्वतःचाच आवाज घुमल्यासारखा वाटतो. हे शिकवायला प्रत्येक माणसामागे पाच मिनिटे पुरतात, आणि ती पाच मिनिटे दिली जात नाहीत. पाकिटावर छापलेला ३० डेसिबलच्या आसपासचा आकडा प्रयोगशाळेतला असतो. साइटवर बऱ्याचदा त्याच्या निम्मेही संरक्षण मिळत नाही.

त्यात आपल्या हवामानाची अडचण आहे, आणि कामगार प्लग का काढून टाकतात हे समजून घेताना ती विसरून चालणार नाही. एप्रिल-मेच्या उकाड्यात कान बाहेरून झाकणाऱ्या इअर मफच्या गाद्यांखाली घामाची धार लागते. सिमेंटने किंवा चिऱ्याच्या लाल धुळीने भरलेल्या बोटांनी फोमचा प्लग वळला की ती घाण थेट कानात जाते, कान खाजतो, आणि दमट हवेत तिथे बुरशी धरते. ज्याच्या कानात एकदा बुरशी झाली तो पुन्हा प्लगला हात लावत नाही, आणि त्याला दोष देणे अन्यायाचे आहे. अशा कामावर साबणाने धुता येणारे सिलिकॉनचे दोरीवाले प्लग, ते ठेवायला झाकणाची डबी, हात धुवायला पाणी आणि मफच्या बदलता येणाऱ्या गाद्या द्याव्या लागतात. वाचायला ही यादी क्षुल्लक वाटेल. माझ्या अनुभवात मात्र एखाद्या साइटवर कानांचे संरक्षण टिकते की नाही हे याच गोष्टींवर ठरते.

प्लग थोडा वेळ काढल्याने काय बिघडते, असेही मला विचारले जाते. हिशेब सोपा आहे. ३० डेसिबल आवाज अडवणारा प्लग माणसाने तासातली फक्त सहा मिनिटे काढून ठेवला, तर त्याला मिळालेले सरासरी संरक्षण १० डेसिबलवर येते; निम्मा वेळ काढून ठेवला तर केवळ ३ डेसिबल उरते. म्हणून फोनवर बोलायचे असेल तर आवाजापासून दूर जाऊन बोलण्याची जागा आणि वेळ द्यावी लागते. मोबाइलचे इअरफोन घालून गाणी लावणारी तरुण मुले मला अनेक कामांवर दिसतात. त्यांना वाटते की कान झाकले गेले. प्रत्यक्षात यंत्राच्या आवाजावर मात करण्यासाठी ती गाण्याचा आवाज वाढवतात आणि दुहेरी मार घेतात.

तिसरी तक्रार यंत्रांबद्दल आहे. आवाज जिथे जन्मतो तिथेच तो कमी करणे हा पहिला उपाय असायला हवा आणि कान झाकणे हा शेवटचा. आपल्याकडे शेवटचाच उपाय तेवढा माहीत आहे. १००० केव्हीए क्षमतेपर्यंतच्या डिझेल जनरेटरना ध्वनिरोधक आवरण असावे आणि त्याच्यापासून एक मीटरवर आवाज ७५ डेसिबलपेक्षा जास्त नसावा, हा दंडक देशात सुमारे वीस वर्षांपासून आहे. आवरण असतेही. पण मी पाहिलेल्या एका जनरेटरची दोन्ही दारे दगड लावून सताड उघडी ठेवली होती, कारण आतली हवा खेळवणारा पंखा बंद पडला होता आणि इंजिन तापत होते. पंखा दुरुस्त करण्याचा खर्च वाचवण्यासाठी शेजारी सळ्या वाकवणारी सहा माणसे दिवसभर त्या आवाजात बसली होती. कंप्रेसरचे सायलेन्सर गंजून गळून पडलेले असतात, ब्रेकरच्या छिन्न्या बोथट झाल्यावरही वापरल्या जातात आणि त्यामुळे तेवढ्याच कातळाला दुप्पट वेळ लागतो, फरशी कापण्याची पाती झिजून थरथरू लागली तरी बदलली जात नाहीत. यातली एकही गोष्ट नव्या तंत्रज्ञानाची नाही. ती देखभालीची आहे. आणि जिथे शक्य आहे तिथे पद्धतच बदलता येते. वस्तीला लागून सुरुंग लावता येत नाही तेव्हा आपणच भोकात भरून फुगणारी, कातळ शांतपणे तडकवणारी भुकटी वापरता. शेजारच्या घराच्या भिंतीसाठी जे केले जाते ते माणसाच्या कानासाठी का केले जाऊ नये?

चिरेखाणींचा उल्लेख मला वेगळा करावा लागतो. जांभा कापणारी पात्यांची यंत्रे उघड्यावर चालत असली तरी खाण जसजशी खोल जाते तसतशा चिऱ्याच्या उभ्या भिंती आवाज आतच फिरवत ठेवतात. तिथे काम करणारी बहुतेक कुटुंबे कर्नाटकातून आलेली असतात. मराठीतल्या पाटीचा त्यांना उपयोग नसतो. खाणीला वेगळे नियम, बांधकामाला वेगळे, आणि त्याच चिऱ्याने गावात बांधल्या जाणाऱ्या घराच्या कामावर चार-पाचच माणसे असल्याने, दहा कामगारांची अट असलेला कायदा तिथे लागूच होत नाही. माणूस मात्र तोच असतो: चार महिने खाणीत, दोन महिने रस्त्यावर, मग एखाद्या बंगल्याच्या कामावर.

यातूनच चौथी तक्रार येते. कामावर घेताना कोणाचेही कान तपासले जात नाहीत. आवाजामुळे येणारा बहिरेपणा हा कायद्याने व्यवसायजन्य रोग मानलेला आहे; १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याच्या अनुसूचीत तो होता, आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२० मधील कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीतही तो आहे. तरीही, मी वर ज्याच्या आलेखाबद्दल लिहिले, त्या माणसाने भरपाई मागायची कोणाकडे? त्याने अनेक ठेकेदारांकडे काम केले. प्रत्येकजण म्हणू शकतो की हा आमच्याकडे आला तेव्हाच असा होता, आणि सुरुवातीची तपासणी नसल्याने ते खोटे पाडता येत नाही. दिव्यांगत्वाचा दाखलाही त्याला मिळत नाही, कारण २०१६ च्या कायद्यानुसार त्यासाठी दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीत किमान ६० डेसिबलची हानी लागते, आणि त्याची पट्टी अजून तिथवर पोहोचलेली नाही. अशी माणसे कुठल्याच आकड्यात येत नाहीत. पुढे आपणच म्हणता की आमच्या जिल्ह्यात असे रुग्ण नाहीत.

राहण्याच्या जागेबद्दल थोडक्यात लिहिते. दिवसभराच्या आवाजानंतर कानांना सावरायला शांत रात्र लागते. लेबर कॅम्पचे पत्रे मात्र जनरेटरपासून हाकेच्या अंतरावर ठोकलेले असतात, कारण केबल कमी लागते. त्या पत्र्यांखाली साडीच्या झोळीत तान्ही मुले झोपलेली असतात.

आपल्याकडून येणारी उत्तरे मी ऐकली आहेत आणि त्यांचा अनादर करीत नाही. कामगार दिले तरी घालत नाहीत, असे आपण म्हणता. एके काळी हेल्मेटबद्दलही हेच म्हटले जाई. हेल्मेटशिवाय फाटकातून आत सोडायचे नाही असे ठरल्यावर ती सवय लागली, आणि साहेब स्वतः घालू लागले तेव्हा ती पक्की झाली. ब्रेकरच्या शेजारी उभे राहून सूचना देणारा अभियंता उघड्या कानांनी उभा असेल तर कामगाराने त्याच्यापासून काय शिकायचे? प्लग घातल्यावर हाका ऐकू येत नाहीत ही अडचण खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे गरजेपुरताच आवाज अडवणारा प्लग निवडणे आणि महत्त्वाच्या सूचना झेंडी, हातवारे व दिव्यांनी देणे. क्रेनच्या कामावर आपण ते रोज करताच. खर्चाबद्दल एवढेच म्हणेन की एकूण बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर कामगारांच्या कल्याणासाठीच गोळा होतो, आणि श्रवणतपासणीचे यंत्र एका माणसाला हातात धरून नेता येते.

आवाजाबद्दल समाज अगदीच उदासीन आहे असेही नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि रात्री काम चालू राहिले तर शेजारचे रहिवासी तक्रार करतात, काम थांबतेही. शेजाऱ्याची झोप महत्त्वाची आहेच. पण शंभर पावलांवरच्या माणसासाठी जो यंत्रणेचा दरवाजा उघडतो, तो यंत्र हातात धरलेल्या माणसासाठीही उघडला पाहिजे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

१. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक कामावर, प्रत्येक मोठ्या आवाजाच्या यंत्राजवळ, चालवणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर आवाज मोजावा आणि तो आकडा त्या यंत्रावरच, मराठी, हिंदी व कन्नडमध्ये, किती वेळ काम करायचे यासह रंगवून लिहावा.

२. ब्रेकर, जॅकहॅमर, कटर, ग्राइंडर आणि चिरे कापण्याच्या यंत्रावर माणसे आळीपाळीने लावावीत. जादा तासांच्या काळात एकाच माणसाला ते यंत्र पूर्ण पाळी देऊ नये, त्याने स्वतः मागितले तरीही. जादा मजुरीसाठी तो मागणारच.

३. जनरेटर व कंप्रेसरची आवरणे आणि सायलेन्सर सुस्थितीत असल्याशिवाय बिल मंजूर करू नये. शासकीय कामांच्या निविदेत ही अट घालणे शासनाच्या हातात आहे.

४. कानांचे संरक्षण निवडक दोन-तीन प्रकारांत द्यावे, ते घालण्याचे प्रात्यक्षिक प्रत्येकाला एकेकट्याने द्यावे, आणि १०५ डेसिबलच्या वरच्या कामासाठी प्लग व मफ दोन्ही द्यावेत. मजुरीतून त्याचे पैसे कापू नयेत.

५. कामावर घेताना आणि त्यानंतर दर वर्षी श्रवणतपासणी व्हावी, ती कामावर जाण्याआधी सकाळी व्हावी, आणि तिची प्रत कामगाराच्या हातात द्यावी, ठेकेदाराच्या कपाटात नव्हे. नोंदणीकृत कामगारांच्या आरोग्य तपासणीच्या यादीत कानांचा समावेश करावा. हानी आढळली म्हणून कोणाला कामावरून काढू नये; त्याला कमी आवाजाच्या कामावर त्याच मजुरीत घ्यावे. ही हमी नसेल तर कोणीही तपासायला बसणार नाही, हे मी अनुभवाने सांगते.

६. आवाजामुळे आलेल्या बहिरेपणाचा रुग्ण आढळल्यास तो कायद्याप्रमाणे कळवला जावा, आणि तिन्ही जिल्ह्यांतील अशा नोंदींची संख्या दर वर्षी जाहीर व्हावी.

७. लेबर कॅम्प आणि जनरेटर यांच्यात अंतर राखावे किंवा मध्ये भिंत घालावी. हे या आठवड्यातच करता येईल.

पावसाळ्यात खोदाईची कामे मंदावतात आणि दसऱ्यानंतर पुन्हा जोर धरतात. मधले महिने यंत्रांच्या दुरुस्तीला, साहित्य खरेदीला आणि पहिल्या तपासणीला पुरेसे आहेत. ज्या ठेकेदारांना किंवा अधिकाऱ्यांना आपल्या कामावर सुरुवात करायची असेल त्यांच्याकडे मी माझे यंत्र घेऊन येईन, मुकादमांना प्लग घालण्याचे शिक्षण देईन आणि त्यासाठी शुल्क घेणार नाही. जे करू शकत नाहीत त्यांनी कोणत्या मागणीत कोणती अडचण आहे हे लेखी कळवावे. आलेली उत्तरे, होकाराची असोत वा नकाराची, मी याच पत्राप्रमाणे जाहीर करीन.

आपली,
श्रवणतपासणीचे काम करणारी एक नागरिक
जिल्हा रत्नागिरी